पॅडवाला क्वार्टरबॅक

मी अकरा वर्षं जर्मनीत क्वार्टरबॅक होतो. हे मराठी माणसाला सांगितलं की तो आधी माझ्या पायांकडे बघतो. पायांचा इथे संबंध नाही. हा अमेरिकन फुटबॉल. डोक्यावर हेल्मेट, आणि सोललेल्या नारळाच्या आकाराचा चेंडू, जो हाताने फेकायचा. फेकण्याचं काम क्वार्टरबॅकचं. पण संघात क्वार्टरबॅक दोन-तीन असले तरी मैदानात एका वेळी एकच असतो. दुसरा रेषेबाहेर पॅड घेऊन उभा राहतो आणि पहिल्याने काय केलं ते लिहितो. तो दुसरा म्हणजे मी. अकरा वर्षांत सहा क्लब बदलले, पॅड काही सुटलं नाही.

पॅड म्हणजे आपलं परीक्षेचं असतं तेच, वर चिमटा असलेलं. बाबा पहिल्यांदा सामना बघायला आले तेव्हा तीन तास माझ्याकडे बघत बसले आणि शेवटी म्हणाले, "तुझा पेपर कधी संपणार रे?"

मी आठ वर्षांचा असताना आम्ही पुण्याहून जर्मनीतल्या गार्चिंगला आलो. बाबा गिअरबॉक्सवाले इंजिनिअर. घरापासून चालत दहा मिनिटांवर एवढं मोठं विद्यापीठ, आणि मी ते अर्ध्यात सोडून ड्युसेलडॉर्फला नारळ फेकायला गेलो, हे आईने अजून माफ केलेलं नाही. बाबांनी लगेच माफ केलं. मला मात्र माफी नको होती. बाबांनी मला एकदा, एकदाच, चेंडू फेकताना बघावं, एवढंच हवं होतं.

आडवी आली ती बाबांची पनवती. हा माणूस एका स्क्रूसाठी तीनदा माप घेतो, पण क्रिकेटच्या बाबतीत त्याची पक्की खात्री, की आपण बघितलं की विकेट पडते. पुण्यात असताना घरचे त्यांना हातात चहा देऊन जिन्यात उभं करत. एकदा सबंध दुपार ते जिन्यात उभे राहिले आणि भारत जिंकला. झालं, त्या दिवसापासून तो सिद्धांत झाला.

माझ्या सामन्यांनी सिद्धांताला नवा पुरावा दिला. बाबा सात वेळा आले, सातही वेळा मी पॅड धरून उभा. ते आले नाहीत तेव्हा दोनदा खेळलो. एकदा पहिल्या क्वार्टरबॅकचा घोटा मुरगळला म्हणून, एकदा त्याची बायको बाळंत झाली म्हणून.

"गेनाऊ, अगदी बरोबर!" बाबा फोनवर म्हणाले. "आल्झो, म्हणजे आता मी येतच नाही कसा. तुझं करिअर मार्गी लागेल."

मी वैतागलो. म्हणालो, "बाबा, तुम्ही बघायला नसाल तर मी खेळून करू काय?" त्यावर त्यांनी फोन आईकडे दिला.

तेहतिसाव्या वर्षी खांदा बोलायला लागला. बॉनजवळच्या एका छोट्या क्लबात होतो. हंगामाचा शेवटचा सामना तोच माझाही शेवटचा, हे घरी कळवलं. आईने बाबांना गाडीत घातलं आणि दोघं सहा तास प्रवास करून आली. सोबत डबा, चटई आणि सप्टेंबरातही बाबांची कानटोपी.

आमचा संघ पहिल्यापासूनच मार खात होता. तिसऱ्या सत्रात पहिल्या क्वार्टरबॅकचा अंगठा सुजला आणि कोचने माझ्याकडे असं बघितलं, जसं फ्रिजमध्ये दुसरं काही उरलेलं नसताना आपण कालच्या भाजीकडे बघतो. मी पॅड तिसऱ्या क्वार्टरबॅककडे दिलं, हेल्मेट चढवलं आणि आधी प्रेक्षकांकडे पाहिलं. आई होती. तिच्या शेजारच्या खुर्चीवर नुसती चटई. आईने हताशपणे मैदानाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

तिथे पॉमेसचा, म्हणजे बटाट्याच्या फ्रेंच फ्राइजचा, स्टॉल होता आणि त्याच्यासमोर, माझ्याकडे पाठ करून, कानटोपी घातलेले माझे वडील पॉमेस खात उभे होते. मी खेळावं म्हणून!

असा संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. दोन पास नीट गेले. लोक ओरडले, कानटोपी हलली नाही. तिसऱ्या वेळी माझ्यामागे तिघं धिप्पाड गडी लागले. मी उजवीकडे पळत सुटलो. अशा वेळी चेंडू रेषेबाहेर फेकून द्यायची मुभा असते. खोटं कशाला बोलू, मुद्दाम फेकला. थेट पॉमेसच्या स्टॉलवर, आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, "बाबा!"

"आखटुंग!" सावध करायला सगळे प्रेक्षक ओरडले. बाबा वळले. पॉमेस हवेत उडाले आणि जवळजवळ चाळीस मीटरवरून आलेला चेंडू त्यांनी पोटाशी दोन्ही हातांत झेलला. इथल्या कंपनीच्या क्रिकेट संघात ते वीस वर्षं स्लिपमध्ये उभे राहिले होते.

पंच चेंडू मागायला गेला. बाबांनी खिशातून रुमाल काढला, चेंडूवरचं मेयोनीज पुसलं आणि मगच दिला. आणि पुन्हा पाठ फिरवली.

"मी बघत नाहीये! तू खेळ!" ते स्टॉलकडे तोंड करून ओरडले.

"बाबा, इकडे बघा! खेळ गेला खड्ड्यात, तुम्ही बघा!"

हा कुठला नवीन डाव, असं आमच्या कोचने शेजाऱ्याला विचारलं. पण बाबा वळले. दोरीपाशी आले, कानटोपी काढली आणि बघत उभे राहिले.

मी आयुष्यातला सगळ्यात सुंदर पास फेकला. तो समोरच्या संघाच्या खेळाडूने झेलला आणि तो चेंडू घेऊन थेट आमच्या टोकापर्यंत पळत गेला. आम्ही हरलो. मला इतका आनंद झाला होता की हात मिळवायला आलेल्या प्रतिस्पर्ध्यांना मी वेडा वाटलो असणार.

गार्चिंगला परत जाताना गाडी बाबा चालवत होते. मी मागे. आठवण म्हणून क्लबातून पॅड त्या दिवसाच्या कागदासकट उचलून आणलं होतं, ते आईच्या मांडीवर होतं.

"तरी सांगत होतो," बाबा म्हणाले. "मी बघितलं आणि गेला त्यांच्या हातात."

"तो मीच वाईट फेकला, बाबा."

"छे, फेकलास चांगला." "आणि तो माझ्याकडे आलेला? त्याचं काय लिहिलंय?"

आईने चष्मा लावून कागदावर शोधलं. "इनकम्प्लीट, असं लिहिलंय."

"मैदानाबाहेर गेलेला पास अपूर्णच धरतात," मी म्हणालो.

"काहीतरीच! मी झेलला की तो." बाबांनी गाडीचा वेग कमी केला. "अगं, पर्समधलं पेन काढ. खोड ते आणि नीट लिही."