सरांचा उतरता सूर

रुग्णाच्या छातीतली बारीकशी कुरकूर, जी आम्हा सगळ्या विद्यार्थ्यांचे कान एकत्र केले तरी ऐकू येत नसे, ती सरांना सहज ऐकू यायची. चर्चमध्ये चार हातांवर वाजणारी पेटी मात्र त्यांना जन्मात कधी ऐकू आली नाही. गायनवृंदाच्या मागच्या रांगेत उभे राहून ते मनापासून गात. पहिलं कडवं बरं जाई. दुसऱ्यापासून त्यांचा सूर उतरायला लागे, आणि सूर जितका उतरे तितका आवाज चढे. मग पेटीवर बसलेल्या बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, भात्यावरचा डावा हात क्षणभर उचलून एक बोट वर करत आणि हळूच म्हणत, "अहो, वर." सर लगेच मान वर करत. सूर होता तिथेच राही.

त्यांना गायनवृंदातून काढण्याची हिंमत कुणालाच झाली नाही, कारण निम्मा गायनवृंद त्यांचाच पेशंट होता.

मी निफाडकडची, द्राक्षबागायतदाराची मुलगी. मेडिकल कॉलेजात सरांच्या हाताखाली शिकले. वॉर्डात ते आम्हाला डोळे मिटायला लावत. "आधी ऐका, मग बोला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सुरगाण्याहून आलेली म्हातारी आपल्या कोंबड्यांपासून सुरुवात करून दुखऱ्या गुडघ्यापर्यंत यायची, आणि तोवर सर स्टुलावर बसून सगळ्या कोंबड्यांची हकीगत ऐकून घेत. आम्ही घड्याळाकडे पाहिलं की पुढचे प्रश्न आम्हालाच येत.

रविवारी सकाळी त्यांच्याकडे वशिला चालत नसे. उपासना संपेपर्यंत फोन बंद. पण डॉक्टरपण काही बंद होत नसे. उपासनेनंतर दारात दोन रांगा लागत. एकीकडे पाळकसाहेब हात मिळवून "सलाम" म्हणत, दुसरीकडे सर तोच हात धरून नाडी बघत. प्रार्थनेच्या वेळी सगळे डोळे मिटत, तेव्हा सरांचे डोळे कुणाच्या पायांवर सूज आहे ते बघत फिरायचे. एकदा त्यांना वाटलं, उपदेश करताना पाळकसाहेबांना धाप लागते. त्यांनी तपासलं, गोळी लिहून दिली आणि वर सांगितलं, "उपदेश निम्म्यावर आणा." धाप महिन्याभरात गेली. उपदेश मात्र निम्म्यावरच राहिला, आणि मंडळीत सरांबद्दलचा आदर एकदम वाढला. सरांना खरंच धाप ऐकू आली होती का, हे मी कधी विचारलं नाही.

शरणपूर रोडवरच्या त्यांच्या घरी जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना असे. त्या वेळी घरात जो असेल तो कुटुंबातला. पहिल्यांदा मी सापडले तेव्हा अवघडून उभी राहिले. सर म्हणाले, "तू तुझ्या देवाला सांग, फक्त आमटी निवायच्या आत सांग." मग ते रुग्णांसाठी प्रार्थना करत, पण नाव कुणाचंच घेत नसत. रुग्णाचं नाव वॉर्डाबाहेर जाता कामा नये, हा नियम त्यांनी देवाच्या बाबतीतही मोडला नाही. "प्रभू, बेड नंबर अकराला झोप लागू दे. सतराचा ताप उतरू दे." बाई एकदा म्हणाल्या होत्या की, अहो, त्याला कसं कळणार अकरा नंबरला कोण आहे. सर म्हणाले, "राउंडला तो माझ्या आधी येतो."

सर निवृत्त झाले, मी त्यांच्याच कॉलेजात शिकवायला लागले, आणि एका सकाळी स्वयंपाकघरात बाई कोसळल्या. आमच्याच वॉर्डात चार नंबरच्या बेडवर ठेवलं; जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. त्या आमच्याकडे बघत, ओठ हलवत, आणि शब्द न आल्यामुळे डोळे भरून येत. ज्या माणसाने जन्मभर ऐकण्याचंच शिकवलं, त्याला घरात ऐकायला काही उरलं नाही. मुलगा आणि सून पुण्याहून आले होते. त्या संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत सरांनी एकच नंबर सांगितला. "प्रभू, बेड नंबर चार." मग सुनेनेच आमेन म्हटलं.

बोलणं गेलं तरी कधी कधी गाणं मागे राहतं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. बाई घरी आल्यावर ते रोज त्यांच्या उशाशी बसून नाताळचं एक जुनं गीत गाऊ लागले. एप्रिलच्या उन्हात नाताळचं गीत, तेही सरांच्या आवाजात. शेजाऱ्यांनी सहन केलं. गायनवृंदातल्या मुली म्हणाल्या, आम्ही येऊन गातो, तर सर म्हणाले, तिला माझ्या आवाजाची सवय आहे. आठवड्यांमागून आठवडे गेले. बाई भिंतीकडे बघत पडून राहत. मी मनातून आशा सोडली होती आणि सरांना ते सांगायचा धीर होत नव्हता.

त्या दिवशी मी तिथेच होते. सर दुसऱ्या कडव्याशी आले आणि सूर नेहमीसारखा उतरायला लागला. बाईंच्या कपाळाला आठी पडली. सर गातच राहिले. मग पांघरुणातून डावा हात बाहेर आला, एक बोट वर झालं, आणि बाई म्हणाल्या, "अहो… वर."

सर गायचे थांबले. उठून खिडकीशी गेले आणि बराच वेळ चष्मा पुसत उभे राहिले. मागून बाईंनी ती ओळ स्वतः गाऊन दाखवली, शब्द अडखळत, पण सूर अगदी जागेवर.

पुढे बोलणं हळूहळू, तुटक तुटक परत आलं. मी एकदा सरांना विचारलं, "सर, तुम्ही मुद्दाम बेसूर गात होतात का?" ते म्हणाले, "अगं, मला मुद्दाम काही जमत असतं, तर इतकी वर्षं सुरात नसतो का गायलो?"

गेल्या वर्षी नाताळच्या तोंडावर सर झोपेतच गेले. चर्च गच्च भरलं होतं. आम्ही डॉक्टर मंडळी मागे उभे होतो, बाई चाकाच्या खुर्चीत पुढे. गायनवृंदाने सरांचं तेच गीत म्हटलं. दुसरं कडवं आलं, तेव्हा माझी नजर बाईंच्या डाव्या हाताकडे गेली. तो मांडीवर तसाच होता. गीत शेवटपर्यंत नीट पार पडलं. नंतर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि एकेक शब्द शोधत म्हणाल्या, "आज… फारच सुरात झालं गं."