रविवारची टोपी

वस्तादांचं सलून रविवारी बंद. या धंद्यात रविवारी कुलूप लावणं म्हणजे आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं, आणि गिऱ्हाइकं तसं तोंडावर बोलूनही दाखवायची. पण कोर्टाने लेकीचा ताबा तिच्या आईकडे दिला आणि वस्तादांच्या वाट्याला फक्त रविवार आला. सकाळी घ्यायचं, संध्याकाळी पाचला दारात आणून सोडायचं. शाळा, दवाखाना आईने ठरवायचा आणि बापाला कळवायचं. बापाने खर्च द्यायचा आणि मुलीबाबत काही करण्याआधी आईला विचारायचं.

माणूस वाईट नव्हता, पण स्वस्थ बसणं त्याला ठाऊकच नव्हतं. खुर्ची रिकामी असली तरी हातातली कात्री हवेत चालायची. त्यात आता जीव टांगणीला लागलेला. सुट्टीत लेक मुक्कामाला मिळावी म्हणून अर्ज केला होता आणि बुधवारी सुनावणी होती. "तोवर ताकसुद्धा फुंकून प्या," वकीलबाईंनी बजावलं होतं.

त्या रविवारी लेक भर उन्हात लोकरीची टोपी घालून आली.

"काढ की ती. घामाने भिजलीस."

"नको. मला थंडी वाजते."

बागेत टोपी, झोक्यावर टोपी, जेवताना टोपी. वस्तादांनी दोनदा कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. तिच्या मनात काय आहे, आपलं काय चुकलं, या विचाराने त्यांना घास गोड लागेना. दुपारी ती सोफ्यावर झोपली आणि टोपी घसरली.

जन्मभर लोकांची डोकी बघितलेल्या माणसाला एक नजर पुरली. कानामागे उवा आणि लिखांचा बाजार भरला होता. दुसरा बाप असता तर त्याने आधी फोन लावला असता. वस्तादांनी मात्र पाण्याची फवाऱ्याची बाटली आणि कात्री उचलली. फोन म्हणजे भांडण, आणि भांडणापेक्षा कात्री त्यांना सोपी वाटायची. लेक जागी झाली.

"कापू का गं?"

तिने डोळे चोळत होकारार्थी मान डोलावली. कंबरेपर्यंतचे केस मानेवर आले. दिवसभरात पहिल्यांदाच वस्तादांचा हात निवांत चालला. केर काढायला वाकले तेव्हा फरशीवरचा ढीग दिसला आणि बुधवार आठवला. मग काही सुचेना. परतीच्या वाटेवर दर सिग्नलला ते घड्याळ बघत होते.

आईने दार उघडलं. लेकीच्या डोक्याकडे पाहतच राहिली.

"कोणाला विचारून कापलेस?"

"उवा झाल्यात तिला."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे? आणि मला सांगायचं नाही?"

"सांगायचं म्हणजे बुधवारी तुझी वकीलबाई उभी राहून म्हणणार, आईचं मुलीकडे लक्ष नाही. आणि तुला फोन करायला काय झालं होतं?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. रोज फणी घेऊन बसते मी. हे केस मी वाढवलेत."

दोघांच्याही हाती कोलीत आलं होतं. तिने लपवलं होतं, त्याने विचारलं नव्हतं. कोर्टात दोन्ही चाललं असतं, आणि दोघं एकमेकांकडे बघत तोच हिशेब मांडत होते.

लेकीने आईचा पदर ओढला.

"आई, मी काही नाही सांगितलं. टोपी मी काढलीच नव्हती, झोपेत पडली." मग ती बापाकडे वळली. "आणि बाबा, तू कापलेस हे पण मी कोर्टात सांगणार नाही. मला झोप लागली होती असं सांगेन."

वस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ वर्षांची पोर आईसाठी दिवसभर उन्हात टोपी घालून फिरली होती आणि आता बापासाठी खोटं बोलायला तयार होती. आईने तोंड फिरवलं, पण दार लावलं नाही.

मग आई आत गेली आणि फणी घेऊन आली.

"मानेमागच्या लिखा राहिल्यात. मला नीट दिसत नाहीत. ये आत."

"पाच वाजून गेलेत," वस्ताद उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले.

"मला घड्याळ कळतं," ती म्हणाली आणि फणी त्यांच्यापुढे धरली.