आक्काचा हेवा

माझ्या मामेबहिणीइतका हेवा मी आयुष्यात कुणाचाच केला नाही. आणि हेवा करण्यात मी काही कच्ची नव्हे. आक्का माझ्याहून वर्षानं मोठी. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आम्ही एकाच गल्लीत राहायचो. दहाव्या वर्षीच तिनं कादंबरीकार व्हायचं ठरवलं होतं, आणि जुन्या वह्यांतली कोरी पानं शिवून ती रोज लिहायची. ज्याच्याशी भांडण होईल तो माणूस त्या कादंबरीत शिरायचा आणि हालहाल होऊन मरायचा. शिवणाच्या बाईंना साप चावला. रतिबाच्या दुधात पाणी निघालं, तेव्हा आमचा गवळी चौथ्या प्रकरणात रंकाळ्यात पडला. गल्लीत ही बातमी लगेच फुटली. दुसऱ्या दिवशी तो दारात उभा राहून म्हणाला, "आक्काताई, मी अजून पाण्यातच हाय व्हय?"

"दूध बघून सांगते," आक्का म्हणाली.

आठवडाभर दूध दाट आलं, तेव्हा कुठं तिनं त्याला काठावर घेतलं.

मला हे बघवेना. लेखिका मलाही व्हायचं होतं. महिनाभर लपूनछपून मी एक गोष्ट लिहिली आणि तिला दाखवली. तिनं ती दोनदा वाचली. "अक्षर चांगलं हाय की," ती म्हणाली, "पण ह्यात कुणालाच काय पायजे न्हाय." त्या वाक्याचा राग मला कितीतरी वर्षं पुरला. त्या रागावरच मी लिहीत राहिले म्हटलं तरी चालेल.

एकोणिसाव्या वर्षी आक्का लग्न होऊन पेठ वडगावला गेली आणि तिचं लिहिणं थांबलं. पुढं बऱ्याच वर्षांनी माझा पहिला कथासंग्रह निघाला. पहिली प्रत घेऊन मी एस.टी.नं थेट वडगाव गाठलं. द्यायला कमी, दाखवायला जास्त. सोप्यात आक्का, तिच्या सासूबाई आणि शेजारच्या दोघी शेंगा फोडत बसल्या होत्या; आक्का काहीतरी सांगत होती, ती मला बघून थांबली. मी पुस्तक पुढं केलं. तिनं पदराला हात पुसले आणि माझ्या नावावरून बोट फिरवलं. "छापलं की गं तुझं नाव," एवढंच म्हणाली. ज्या नजरेनं मी जन्मभर तिच्याकडं पाहिलं, ती नजर आता तिच्या डोळ्यांत होती. तीच बघायला तर मी आले होते. पण मला ती सोसवली नाही.

मी तिच्याशेजारी बसले, पुढ्यात मूठभर शेंगा ओढल्या आणि विचारलं, "मी आले तेव्हा तू काय सांगत होतीस?"

"काय न्हाय गं. पोरखेळ."

"पोरखेळ कसला?" सासूबाई म्हणाल्या. "ती बाई पाण्याला गेलीया, आन् हिकडं घराचं दार उघडंच हाय. सांग की म्होरं."

आक्का सांगू लागली. सुरुवातीला चाचरत, मग सावकाश आवाज मोकळा होत गेला. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, शेंगा फोडायच्या सगळ्यांच्याच थांबल्या होत्या.