फरफटलेलं पाऊल

मी आयुष्यात एका संपादकाच्या कानाखाली वाजवली आणि एका शेतकऱ्याची खाल्ली. पहिलीबद्दल मला अजूनही वाईट वाटत नाही. पुण्याच्या त्या गृहस्थाने माझ्या कथेतल्या खुन्याला शेवटी देवळात रडायला बसवलं होतं, आणि वर मलाच सांगत होता की वाचकांना असंच लागतं. छापखान्यातली माणसं हातातलं काम टाकून बघत राहिली. त्यानंतर पुण्यात मला कुणी दारात उभं करेना.

पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. पिंपरीला कारखान्यांच्या भिंती उठत होत्या आणि ओळखीचे लोक तिथे कारकुनी मिळवून देतो म्हणत होते. मी डोक्यात राख घालून पिंपरीही मागे टाकली. निघोजे गावाच्या पलीकडे एका खेड्यात लोहाराशेजारी खोली घेतली आणि ठरवलं, यापुढे कुणाच्या हाताखाली लिहायचं नाही. माणूस खरा कसा आहे हे तो चिडल्यावरच कळतं, बाकी वेळ तो पाहुण्यासमोर बसल्यासारखा बसतो, असं माझं मत होतं. म्हणून माझ्या कथांत कोयते चालत आणि डोकी फुटत.

संपादक गेला, पण परीक्षक तर हवाच. तो लोहार झाला. कथा लिहून झाली की मी ती त्याच्या भट्टीपाशी बसून मोठ्याने वाचायचो. फाळ ठोकून घ्यायला आलेले चार शेतकरी ऐकत बसायचे. वाचता वाचता लोहाराचा घण थांबला तर कथा पास, नाही थांबला तर ती भट्टीत. लिहितो म्हणून गाव मला मास्तर म्हणायचं. लोहार रोज विचारायचा, आज किती मारली मास्तर?

त्या दिवशी मी फक्त एक बैल मारला होता. कथेत एकजण चुलतभावाच्या बैलाला भाकरीतून विष घालतो, आणि गोठ्यातल्या चिखलावरून सापडतो. तिथे एक पाऊल नीट उमटलेलं असतं आणि दुसरं फरफटलेलं. ते पाऊल मी फुकटात मिळवलं होतं. आठवड्यापूर्वी ओढ्याच्या वाटेवर एक लंगडा माणूस पुढे चालला होता. ओल्या मातीत त्याचा पाय फरफटत गेल्याची रेघ मी पाहिली आणि वहीत टिपून घेतली. तो कोण, कुणाचा, काही ठाऊक नव्हतं. विचारलंही नाही.

मी ती ओळ वाचली आणि घण थांबला. मी मनातून फुगलो. समोरचा एक शेतकरी उठला, नुकता ठोकलेला फाळ त्याने हातात घेतला आणि निघून गेला. मला वाटलं, गड्याच्या काळजाला भिडली गोष्ट.

लोहाराच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याने सांगितलं, दोन वर्षांपूर्वी त्या शेतकऱ्याचा बैल असाच रात्रीतून तोंडाला फेस येऊन मेला होता. कुणी मारला ते कळलं नव्हतं. आणि त्याचा धाकटा चुलतभाऊ लंगडा होता.

आम्ही धावलो तोवर उशीर झाला होता. लंगडा कडबा रचत होता. पहिला घाव चुकवायला त्याने उजवा हात वर केला, आणि फाळ बोटांवर बसला. मी पोचलो तेव्हा दोन बोटं कातडीला लोंबत होती, कडब्याची पेंढी लाल झाली होती, आणि थोरला त्याच्या छातीवर बसून तोंडावर ठोसे मारत होता. मी त्याला मागून ओढलं. त्याचं कोपर तोंडावर बसून माझा पुढचा दात पडला. तो एकच सांगत होता, “कागदावर आलंय. मास्तरानं वाचलंय.”

त्या गावात कागद यायचा तो तलाठ्याचा नाहीतर कोर्टाचा. कागदावर आलं म्हणजे कुणीतरी पाहिलेलं, हे सगळ्यांनी धरलेलं. मी गळा फोडून सांगत होतो की ही गोष्ट आहे. मग लंगडं पाऊल तुला कसं कळलं, असं विचारलं की मी पुन्हा तेच ओरडायचो.

दुसऱ्या सकाळी भैरोबाच्या देवळापुढे दोन्हीकडचे लोक काठ्या-कुऱ्हाडी घेऊन बसले. पोलिसांत कुणी गेलं नाही, गावचं गावात मिटवायची रीत. पंचांनी माझ्यापुढे ताटलीत बेल आणि भंडारा ठेवला. म्हणाले, उचला आणि सांगा, ह्या माणसाला बघून लिहिलं का न्हाई. खोटं बोलणाऱ्याचा वंश बुडतो म्हणतात. मी देव मानत नव्हतो. पाहिलं म्हणालो असतो तर फक्त पाय पाहिला हे ऐकायला तिथे कुणी थांबलं नसतं. मी बेलभंडार उचलला आणि म्हणालो, “कुणालाही पाहून एक अक्षर लिहिलेलं नाही.” थोरल्याने कुऱ्हाड खाली ठेवली आणि तो तोंड झाकून रडायला लागला.

महिन्याने लंगडा माझ्या खोलीवर आला. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. मी चटई टाकली, पण तो बसला नाही.

“पाय माझाच घेतला न्हवं?”

मी होय म्हणालो. त्याच्याशी दुसऱ्यांदा खोटं बोलवेना.

त्याने डाव्या हाताने माझ्या कानाखाली ठेवून दिली. मी भिंतीवर आपटलो. संपादकाला मारणारा मी, पण हात उचलला नाही.

“बेलभंडार उचलला म्हून मी जित्ता हाय, ते इसरलो न्हाई,” तो म्हणाला. “ही पायाची.” मग दारात थांबून त्याने तो फडक्यातला हात माझ्यापुढे धरला. “आता ह्यो हातबी घ्याल तुमी कवातरी.”

नाही घेणार, असं मी त्याला शपथेवर सांगितलं. माझ्या शपथेचं मोल त्याला माहीत होतंच. आज तो हात इथे लिहून झाला.