पद्माक्का पत्ते बघतच नाहीत

मंडळी, आजची दुपार अजून डोळ्यांपुढं तरंगतेय.

कारखान्यातली लाईट गेली आणि सगळे माग एकदम थांबले. कानात नुसती पोकळी. उन्हाच्या पट्ट्यात कापसाचे तंतू उडत होते. आम्ही बायकांनी टॉवेलच्या गठ्ठ्यांवर बसून पैशांऐवजी शेंगा लावून तीन पत्ती मांडली.

माझी रीत ठरलेली. पत्ते फालतू असले तरी मोठ्यानं म्हणायचं, "घ्या, दुप्पट!" सगळ्या घाबरून पत्ते टाकून पॅक करतात आणि मधल्या शेंगा माझ्या.

आज शिलाईवरच्या पद्माक्का पहिल्यांदाच बसल्या. त्या पत्ते उचलायच्याच नाहीत. मी दुप्पट केली की त्याही हसत शेंगा सरकवायच्या. जी आपले पत्तेच बघत नाही, तिला घाबरवायचं कसं? माझ्या शेंगा संपत आल्या.

मग मी ओरडणं सोडलं. फालतू पत्ते टाकत, वाट बघत राहिले. शेवटी तीन राण्या आल्या! मी हळूच शेंगा पुढं केल्या.

अक्कांनी पत्ते न बघताच टाकले. "मघापासनं लई ओरडत हुतीस की गं. आता गप झालीस, म्हंजे हाय काहीतरी."

लाईट आली, माग धडधडू लागले. मी अजून त्या शांततेतच आहे.

हातात खरंच काही असतं, तेव्हा तुमचाही आवाज असाच जातो का?