चौथं रीळ

माझ्या खाटेखाली पत्र्याची एक गोल डबी आहे. तिच्यात एका पिक्चरचं चौथं रीळ आहे. बाकीची रिळं मी परत दिली, हे दिलं नाही. त्यासाठी एका माणसाशी असा भांडलो की दोघांचेही आवाज बसले. आणि त्यानंतर ते एकदाही लावलं नाही.

नातवंडं सांगतात की हल्ली जुने पिक्चर दुरुस्त करून पुन्हा काढतात. रंग भरतात, प्रसंग गाळतात, शेवट बदलतात. ज्यानं पिक्चर केला त्याला त्यात काहीही करायचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. मी ऐकून घेतो आणि गप्प बसतो. या वादात मी फार पूर्वी पडलो होतो. त्यात जिंकलो की हरलो, ते मला अजून सांगता येत नाही.

मी तंबूटॉकीजवाला. शिक्षण चौथी. परंड्यात एका फिरत्या टॉकीजमध्ये मशीनला कार्बनच्या कांड्या लावण्यापासून सुरुवात केली. त्या मालकाशी भांडलो आणि दुसऱ्याकडं गेलो. दुसऱ्याशीही भांडलो. शेवटी भांडायला मालक उरला नाही, तेव्हा जुनं मशीन आणि फाटका तंबू घेऊन मीच मालक झालो.

बहात्तरच्या दुष्काळात तो तंबू गुंडाळून ठेवावा लागला. हंडाभर पाण्यासाठी लोक दोन दोन कोस चालत होते, पिक्चर कोण बघणार? माझी थोरली बहीण, आक्का, ईटच्या बाजूला पाझर तलावाच्या कामावर जात होती. तिच्या मागं मीही गेलो. मालक म्हणवून घेतलेला माणूस टोपली उचलायला लागला की लोक बोलतात. चार दिवस बोलले, मग त्यांचेही खांदे दुखायला लागले.

त्या कामाची एक रीत सांगायला हवी. भरावाची माती जिथून काढायची तिथं टोळीला चौकोनी खड्डा आखून देत. खणताना मधोमध मातीचा एक खुंट तसाच ठेवायचा, त्याला कुदळ लावायची नाही. मूळ जमीन किती उंच होती ते त्या खुंटावरून कळायचं. आठवड्याच्या शेवटी कारकून यायचा, खुंटाच्या माथ्यापासून तळापर्यंत टेप धरायचा आणि तेवढी माती टोळीच्या नावावर लागायची, मजुरी त्यावरच.

आता जमीन मुरमाड आणि पोटात नुसती कामावर वाटलेली सुकडी. माप कधी पुरं व्हायचं नाही. म्हणून बायका आदल्या दिवशी बांधावरून वाळक्या हराळीचं मातीसकट ढेकूळ उचलून आणायच्या, खुंटाच्या माथ्यावर बसवायच्या आणि सांध्यात धूळ भरायच्या. खुंट वीतभर वाढायचा. हे काम आक्काएवढं सफाईनं कुणाला जमत नव्हतं. दहा जणींच्या टोळीत ढेकूळ बसवायचं काम तिच्याकडंच असायचं.

तिथं पुण्याहून एक पिक्चरवाला आला, दिग्दर्शक. दुष्काळावरचा पिक्चर करत होता. बाकीचे शहरी लोक फोटो काढून जीपमध्ये बसायचे, हा आमच्याबरोबर उन्हात बसला, हे मान्य करायला हवं. एके दिवशी त्यानं आक्काला खुंटापाशी पकडलं.

"बाई, काय करताय?"

"टोपी घालतीय त्याला. ऊन लई हाय."

तो एवढा हसला की त्याचा चष्मा पडला. मग म्हणाला, "कॅमेऱ्यासमोर पुन्हा घालाल?"

आक्कानं कारकुनाकडं बघितलं. कारकून म्हणाला, "माझ्याकडं काय बघतीस? म्या काय आंधळा हाय व्हय? रोजच बघतो की."

पिक्चरमध्ये ते तसंच आलं. आक्का ढेकूळ आणते, बसवते, सांध्यात धूळ भरते. कारकून समोरून येतो, थांबतो, बघतो. मग पाठ फिरवून बिडी पेटवतो आणि ती पेटवायला गरजेपेक्षा जास्त वेळ लावतो. कुणी एक शब्द बोलत नाही. शेवटाला तलावाचा बांध पुरा होतो आणि आभाळ कोरडं ते कोरडंच. पिक्चर संपतो.

दिवस बरे आल्यावर मी तंबू पुन्हा उभा केला आणि वितरकाच्या ओट्यावर चार दिवस बसून परंडा आणि भूम तालुक्यांसाठी तो पिक्चर घेतला. पहिला खेळ सोनारीला, काळभैरवाच्या जत्रेत लावला. लोकांना वाटलं देवाधर्माचा असेल. चौथं रीळ लागलं, पडद्यावर हराळीचं ढेकूळ आलं आणि बायकांच्या बाजूनं आवाज उठला, "अगं दाब, दाब! फट दिसतीय!" कारकुनानं पाठ फिरवल्यावर तंबू डोक्यावर घेतला लोकांनी. मग हळूहळू सगळे गप्प झाले. आपण काय काय केलं ते प्रत्येकाला आठवत असावं. मी मशीनपाशी उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपण तिकिटं विकतो त्याहून जास्त काहीतरी करतोय.

नंतर तो पिक्चर मोठा झाला. शहरात त्याला बक्षिसं मिळाली, शिकलेले लोक त्याच्यावर लिहायला लागले. आमच्याकडं तो दरसाल लागायचा. इतर तंबूवाले खेळ लवकर आटपायला मधली रिळं गाळायचे, त्याला लोक 'रीळ खाल्लं' म्हणायचे. मी तिकीट खिडकीशी उभा राहून ओरडायचो, "पिक्चर पुरा! एक फूट कमी निघाला तर माझ्या थोबाडीत मारा!"

पुढं आठ-दहा वर्षांत आमच्या भागाचा तोंडवळा बदलला. सोसायट्या आल्या, दूध संघ आला, साखर कारखाना आला. एके काळी एका टोपल्यातली सुकडी वाटून खाणारे लोक चेअरमनच्या पार्टीचे आणि विरोधी पार्टीचे झाले. अशात वितरकाचा निरोप आला. दिग्दर्शकानं पिक्चर नव्यानं तयार केलाय, जुन्या प्रिंटा परत करा, नवी घेऊन जा.

मी नवी आणली. आधी चालवून बघायची माझी रीत, पण त्या दिवशी मशीन दुरुस्तीला होतं आणि वेळ राहिला नाही. परंड्याच्या बाजाराच्या दिवशी सरळ खेळ लावला. चौथं रीळ आलं. बायका खणतायत, खणतायत, आणि एकदम तलाव भरलेला. खुंट नाही, ढेकूळ नाही, बिडी नाही. शेवटाला उसाचा हिरवागार फड, बैलगाड्यांची रांग आणि कारखान्याचं धुराडं.

लोकांनी दिग्दर्शकाला बोल लावला नाही. त्यांना दिग्दर्शक कोण ते माहीत नव्हतं. त्यांना मी माहीत होतो. "मालकानं रीळ खाल्लं!" असा ओरडा झाला. खेळ सुटल्यावर एक म्हातारा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आमच्याच कामावर होता, शेजारच्या खड्ड्यात.

"मालक, थोबाड पुढं करा."

"काका, म्या न्हाय कापलं. वरनंच तसं आलंय."

"तुमीच म्हणायचा न्हवं, एक फूट कमी निघाला तर मारा? आमचा खुंट कुठाय?"

त्यानं मारलं नाही. नुसता हात वर केला आणि खाली घेतला. मारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या हंगामात तो दिग्दर्शक कारखान्याच्या गेस्ट हाउसवर उतरला होता. नव्या शेवटाचा खर्च कारखान्यानं उचलला होता, हे तोवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं. जुनी प्रिंट मी अजून परत केली नव्हती; तिच्या पेट्या टेम्पोत टाकून तिथं गेलो. तो व्हरांड्यात पेपर वाचत बसला होता. केस पिकले होते. त्यानं मला ओळखलं आणि तेवढ्यानं माझा राग आणखी वाढला.

"साहेब, चौथं रीळ सोडून बाकी घेऊन जा."

"तसं चालत नाही. जुना पिक्चर बाहेर राहिला तर नव्याला अर्थ काय?"

"नव्याला अर्थ न्हायच! धुराडं दाखवून चेअरमनला खूश केला तुमी. ह्यो पिक्चर दुष्काळाचा हाय का उसाचा?"

"पिक्चर माझा आहे, मालक. तेव्हा मी तिशीत होतो, काही गोष्टी कळत नव्हत्या. आता कळतात, म्हणून बदलल्या. माझी चूक मी सुधारायची नाही?"

"चूक तुमची, पर चेहरे आमचे! तंबूत लोक माझ्या थोबाडाला हात घालायला लागले. दहा वर्षं बघितलेला पिक्चर त्यांचा न्हाय व्हय?"

तो शांतपणे म्हणाला, "आणि बाजाराच्या दिवशी दुसरं गाणं तुम्ही गाळत होता, ते कुणाला विचारून?"

मी गार पडलो. हे खरं होतं. ते गाणं लांबलचक होतं, आणि तेवढ्यात कुर्डुवाडीची शेवटची एस्टी निघून जायची. लोक गाण्याला उठायचे, म्हणून मी ते काढून ठेवायचो. खिडकीवर तरीही 'पिक्चर पुरा' म्हणून ओरडायचो. गाणं म्हणजे पिक्चर नव्हे, असं मी स्वतःला सांगून ठेवलं होतं.

"गाणं येगळं," मी म्हणालो. आवाज पहिल्यासारखा निघाला नाही, म्हणून मी आणखी मोठ्यानं ओरडलो. चहा आणणारा आचारी ट्रे घेऊन दारातूनच परत गेला. मग त्याचाही आवाज चढला, तासभर चाललं. मी म्हणालो, मग एकही पेटी देत नाही, पोलिसात जा. शेवटी तो थकला. हात झटकून म्हणाला, "ठेवा ते रीळ. फक्त लावू नका. धुराड्याचं म्हणाल तर ते तुमचं खरं आहे, मला पैसे लागत होते. पण खुंट मी चेअरमनसाठी काढला नाही. एकदा तुमच्या बहिणीला विचारा."

मी तसाच आक्काच्या घरी गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती. रिळाची डबी मी जिंकून आणल्यासारखी तिच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. ती पाखडत राहिली.

"म्याच सांगितलं त्याला," ती म्हणाली.

"काय सांगितलंस?"

"ते काढ म्हून. दोन सालामागं आला हुता, जुन्या लोकान्ला भेटत फिरत हुता. मला म्हणला, आक्का, नवीन करतोय, काय बदलू? म्या म्हणलं, माझा खुंट काढ."

मग जे बोललो ते बोलायला नको होतं. म्हणालो, "तुला काय कळतं पिक्चरमधलं?"

तिनं सूप खाली ठेवलं. "मला पिक्चरमधलं न्हाय कळत, लेका. मला त्याच्या नंतरचं कळतं. तुज्या तंबूत टाळ्या पडल्या, त्या तू ऐकल्या. त्यो पिक्चर सायबांनीबी बघितला. पुढच्या कामावर सायब आला की आधी खुंटाला लाथ मारायचा आन मग टेप धरायचा. सगळ्या कामांवर. लाथंनं टोपी उडाली की बाया माझ्याकडं बघायच्या. कुणी बोललं न्हाय. बोलल्या असत्या तर म्या भांडले असते. पोरीला बघाय आले तर सोयरा काय म्हणला? 'पिक्चरमदी माप वाढवतीय ती हीच व्हय?' म्हणला हसत. सोयरीक झाली, पर त्यो दर साली हसतो."

"मला कधी सांगितलं न्हायस."

"तुजा धंदा हुता त्याच्यावर. दर साली येऊन सांगायचास, आक्का, तुला बघाय हजार माणूस आलं. कसं सांगू?"

मी विचारलं, "रिळाचं काय करू?"

"ठेव, न्हायतर जाळ. फकस्त लावू नगं." एवढं बोलून तिनं सूप पुन्हा उचललं.

परतताना टेम्पोत डबी मांडीवर होती. माझा राग कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. दिग्दर्शकावर ठेवावा तर तो एका बाईच्या शब्दाला जागला होता. आक्कावर ठेवता येत नव्हता. उरलो मी. ज्या खेळानं मला मोठं केलं, तो दर साली तिच्या खुंटावर लाथ मारत होता आणि मी मशीनपाशी खुशीत उभा होतो.

तरीही माझं मत पुरतं बदललेलं नाही. झालेला पिक्चर बदलू नये, असंच मला वाटतं. सगळं खणून सपाट केलं तर मूळ जमीन कुठं होती हे पुढच्याला कळणार कसं? पण आता हे बोलताना मला आक्काचं सूप ऐकू येतं आणि वाक्य मोठ्यानं पुरं होत नाही.

तो पिक्चर मी पुन्हा लावला नाही. नवाही नाही, जुनाही नाही. लोक विचारायचे, "मालक, खुंटाचं रीळ कुठं गेलं? खाल्लं ना?" खरं सांगायचं तर आक्काचं नाव घ्यावं लागलं असतं. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाचं बोलणं उलटवल्याशिवाय सोडलं नाही, त्यानं परंड्याच्या बाजारात वीस वर्षं मान हलवली आणि म्हटलं, "व्हय, खाल्लं."

आक्का गेली, म्हणून आज लिहिलं. तंबू केव्हाच मोडला. बाजारात मला ओळखणारा एखादा म्हातारा अजून भेटतो आणि तेच विचारतो. परवाही विचारलं. मी हो म्हटलं आणि मिरच्या घेऊन घरी आलो.