कोंडबा गुरुजींचा हिरवा उतारा

कोंडबा गुरुजी तळहातावर तंबाखू मळायला लागले की अख्ख्या वर्गाला कळायचं, आता पाच मिनिटं फळ्यावर काही उमटणार नाही. जवळा बाजारच्या शाळेत आम्ही अकरा वर्षं शेजारशेजारच्या वर्गांत शिकवलं. माणूस सोन्यासारखा. तांड्यावरची शाळा सोडलेली पोरं सायकलवर बसवून परत आणायचे. पण तंबाखूपुढे त्यांच्या डोक्याला कुलूप लागायचं, आणि शिकवायचे काय, तर विज्ञान!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. त्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा उठला. हिंगोलीच्या दातांच्या डॉक्टरांनी बजावलं, तंबाखू आजपासून बंद, आणि नांदेडला जाऊन चट्ट्याचा तुकडा काढून तपासून घ्या. नेमकी त्याच आठवड्यात मी मूर्खासारखी पेपरातली बातमी मोठ्यानं वाचली: निकोटिननं तोंडाच्या आतल्या त्वचेची जी हानी होते, ती हिरव्या चहानं काहीशी कमी होत असावी. 'काहीशी' आणि 'असावी' हे शब्द गुरुजींनी ऐकलेच नाहीत.

"आता नांदेड काहून?" ते म्हणाले. "उतारा सापडला की ओ बाई!"

परभणीहून पुडा आला. मला वाटलं, बरं, निदान पितील तरी. पण दुधासाखरेशिवायचा चहा त्यांच्या घशाखाली उतरेना. मधल्या सुट्टीत पाहते तर तळहातावर तंबाखू, चुना आणि वर हिरव्या चहाची चिमूट! सगळं मळून बार गालात. वर मलाच शिकवण, "जखम बी तिथंच, मलम बी तिथंच. बराबर हाय का न्हाई?"

मी कपाळावर हात मारला. भांडले, त्यांच्या बायकोला सांगितलं, पुडा खिडकीतून फेकला. दुसऱ्या दिवशी नवा पुडा हजर. "बाई, तुमी उगं तकलीफ करून घेऊन राहिल्या. चट्टा कमी होऊन राहिला." आरशात पाहिलंत का, विचारलं तर म्हणे, "पाहायला कशाला पायजे? मला आतून समजतं." वर्ष असंच गेलं. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना, तेव्हा नांदेडला नेलं ते थेट ऑपरेशनलाच.

मी भेटायला गेले. अर्धा जबडा काढलेला, बोलता येत नव्हतं. बातमी मीच वाचली होती, हे मला खात होतं. "गुरुजी, तो मेला चहा मी..." त्यांनी हातानंच थांबवलं आणि वही ओढून लिहिलं, "चहाला नावं ठेवू नका. तंबाखूनं केलं हे. पोरायला सांगा."

जे सांगून सांगून माझा घसा बसला होता, ते त्यांनी जणू मलाच पहिल्यांदा समजावलं. दोन महिन्यांनी ते गेले. वहीचं ते पान मी दरवर्षी सातवीच्या पोरांना वाचून दाखवते, आणि दरवर्षी मला गुरुजींचा इतका राग येतो की शेवटची ओळ धड वाचता येत नाही.